तापमान वाढवलं की आयसोपेंटेन घसरतो: मे महिन्यातली नेहमीची तक्रार

"मॅडम, तीनशेला आयसो कमी झाला. समतोल मागे सरकला असं लिहून टाकू का?"

मे लागला की हा प्रश्न माझ्या टेबलावर येतो. बॅच बदलते, प्रश्न तोच. मी नाशिकमधल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात केमिकलची लॅब सांभाळते. आमच्याकडे एक छोटा रिॲक्टर आहे: अंबडच्या वर्कशॉपमधून करून घेतलेली अर्ध्या इंचाची स्टीलची नळी, तिच्याभोवती विजेची भट्टी, आत मॉर्डेनाइट झिओलाइटवर प्लॅटिनम चढवलेला पाचेक ग्रॅम कॅटॅलिस्ट. वरून एन-पेंटेन आणि हायड्रोजन सोडायचा. सरळ साखळीचा काही पेंटेन आत फांदी फुटून आयसोपेंटेन होतो. खालून येणारी वाफ थंड करून वायलमध्ये, म्हणजे छोट्या बाटलीत, धरायची आणि जीसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर) लावायची. प्रयोग एवढाच.

यंदा हा प्रयोग करणाऱ्या दोन विद्यार्थ्यांचे आकडे असे होते. आयसो आणि एन मिळून शंभर धरले, तर त्यात आयसो किती:

२२० अंशांना ४१
२४० ला ६३
२६० ला ७५
२८० ला ७०
३०० ला ६५

ग्राफ काढला की छान डोंगर दिसतो. डावी चढण, माथा, उजवी उतरण. आणि उतरणीचं कारण बारावीपासून पाठ असतं: अभिक्रिया उष्मादायी आहे, तापमान वाढवलं की ल शाटेलिएच्या तत्त्वानुसार समतोल अभिकारकांकडे सरकतो. लिहिलं, सही घेतली, संपलं.

दिशा अगदी बरोबर आहे. पण "किती सरकतो" हे कुणी विचारतच नाही, आणि सगळी गडबड तिथेच आहे. माझ्या लॅबमध्ये समतोलाच्या नावावर जेवढे गुन्हे नोंदवले जातात, त्यातले निम्मे त्यानं केलेलेच नसतात.

म्हणून पहिलं काम कागदावर. एन-पेंटेनपासून वायुरूप आयसोपेंटेन होताना सुमारे ७ ते ८ किलोज्यूल प्रति मोल उष्णता सुटते. मी ८ धरते. एन्ट्रॉपी साधारण ५.४ ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन इतकी कमी होते. या दोन आकड्यांवरून समतोल स्थिरांक के, म्हणजे समतोलातला आयसो भागिले एन, काढला, की २५ अंशांना तो १३ च्या आसपास येतो, म्हणजे समतोलात आयसो ९३ टक्के. १५० ला के ५.१, आयसो ८४. २०० ला ८०. २५० ला के ३.३, आयसो ७७. २६० ला ७६, २८० ला ७५, ३०० ला ७४.

आता वरच्या आकड्यांशेजारी हे ठेवून बघा. २६० ते ३०० या चाळीस अंशांत समतोल फार तर दोन टक्के खाली येतो. यांचा आयसो दहा टक्के पडला. दोन टक्क्यांचा हिशेब समतोलाकडून मागा. उरलेल्या आठचा हिशेब दुसऱ्या कुणाकडे तरी आहे.

उष्णता ७ धरली काय आणि ८ धरली काय, रेषा थोडी वरखाली होईल, पण तिचा उतार असाच मंद राहील. ही सवय समघटकांच्या इतर जोड्यांनाही लावून बघा. ब्युटेनपासून आयसोब्युटेन होताना उष्णता जवळजवळ तेवढीच सुटते, सुमारे ८.४ किलोज्यूल, पण एन्ट्रॉपीची घट १५ च्या वर आहे. त्यामुळे तिथे २७० अंशांच्या आसपासच दोघं समसमान होतात. झायलीनच्या मेटा, ऑर्थो, पॅरा या तीन समघटकांत तर उष्णतेचा फरक इतका किरकोळ आहे, की तापमान बदलून समतोल फारसा हलतच नाही. मेटा निम्म्याच्या आसपास आणि ऑर्थो, पॅरा उरलेल्यात जवळपास सारखे, असंच चित्र राहतं. तिथे कुणी मला दहा टक्क्यांची घसरण समतोलाच्या नावानं दाखवली, तर मी वही तिथेच परत करीन.

डोंगराची डावी बाजू समजायला सोपी आहे. २२० ला समतोल ७९ पर्यंत परवानगी देतो आणि आपल्याला ४१ मिळतात, कारण तिथे अभिक्रियेचा वेग कमी आहे. पेंटेन कॅटॅलिस्टमधून जातो तेवढ्या वेळात काम पुरं होत नाही. खात्री करायची असेल तर प्रवाह निम्मा करा. आयसो वाढला तर अडचण वेगाची. प्रवाह कमी करूनही आकडा जागचा हलला नाही, तर तुम्ही छताला, म्हणजे समतोलाच्या मर्यादेला, टेकलात. कॅटॅलिस्ट छतापर्यंत लवकर पोचवतो, छत उंच करत नाही. दाबानंही इथे काही साधत नाही, कारण दोन्ही बाजूंना एकेकच रेणू आहे.

याहून पक्की चाचणी म्हणजे उलट बाजूनं येणं. त्याच तापमानाला शुद्ध आयसोपेंटेन सोडा. खरा समतोल असेल तर एनकडून चढत आलेला आणि आयसोकडून उतरत आलेला आकडा एकाच जागी भेटतात. घाटात खालून येणारी आणि वरून येणारी गाडी एकाच वळणावर दिसावी तसं. विद्यार्थी ही चाचणी टाळतात, कारण आयसोपेंटेनची बाटली वेगळी मागवावी लागते. मागवा.

उजव्या उतरणीकडे येते. यंदा मी त्या दोघांना एकच विचारलं, "रन कुठल्या क्रमानं घेतले?"

"चढत्या क्रमानं, मॅडम. सकाळी २२० लावलं आणि मग वाढवत नेलं."

म्हणजे २२० चा नमुना सकाळी नऊला, २६० चा बाराच्या सुमाराला आणि ३०० चा दुपारी तीन-साडेतीनला. लॅबला पश्चिमेची खिडकी, वर पत्रा. भिंतीवरचा थर्मामीटर ३९. रिॲक्टरच्या तापमानाबरोबर खोलीचं तापमानही चढत होतं आणि ग्राफच्या आडव्या अक्षावर त्यातलं एकच लिहिलं होतं.

आयसोपेंटेन २८ अंशांना उकळतो आणि एन-पेंटेन ३६ ला. हे समुद्रसपाटीचे आकडे झाले. नाशिक जवळपास ६०० मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब थोडा कमी, त्यामुळे दोन्ही उत्कलनबिंदू दोनेक अंशांनी आणखी खाली येतात. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी आमच्या टेबलावर ठेवलेली वायल अक्षरशः उकळत असते, फक्त झाकणामुळे बुडबुडे दिसत नाहीत. झाकण सैल असेल किंवा सेप्टमला (झाकणातल्या रबराच्या चकतीला, तिच्यातूनच सिरिंजची सुई घालतात) आधीच दोनचार भोकं पडलेली असतील, तर वाफ निसटणार, आणि निसटणाऱ्या वाफेत आयसोचा वाटा जास्त, कारण त्याचा बाष्पदाब एनच्या १.३ पट आहे.

याचा परिणाम किती, तेही मोजू. वायलमध्ये ७४ भाग आयसो आणि २६ भाग एन आहे. उडून उडून एन निम्मा, म्हणजे १३ उरला. तेवढ्यात आयसो ७४ वरून ३० वर येतो. एकूण उरले ४३ भाग आणि त्यात आयसो ७० टक्के. वायल निम्म्याहून जास्त रिकामी झाली आणि आकडा फक्त चारनं घसरला. तेव्हा एकट्या वायलवर आठ टक्के ढकलता येत नाहीत. पण वायलमधली पातळी खाली गेलेली दिसली तर ती नोंद वहीत हवी. आमचे लॅबमधले मामा नमुना धरल्याबरोबर वायलवर पेनानं पातळीची रेघ मारतात. ही युक्ती त्यांचीच आहे. पोरं विसरतात, मामा विसरत नाहीत.

मोठा चोर निघाला बर्फाचा टब. रिॲक्टरमधून येणारी वाफ बर्फाच्या पाण्यातल्या नळीतून नेऊन द्रव करतात. पण वाफेबरोबर हायड्रोजनही असतो आणि तो कधीच द्रव होणार नाही. तो बाहेर पडताना पेंटेनची वाफ काखोटीला मारून नेतो. किती नेतो हे टबच्या तापमानावर. आमच्याकडे हायड्रोजन आणि पेंटेन साधारण एकास एक असतात. टब शून्य अंशाला असेल तर निम्मा पेंटेन हायड्रोजनबरोबर निघून जातो. बर्फ वितळून पाणी दहा अंशांवर आलं, की जवळजवळ सगळाच जातो आणि नळीच्या तळाशी चमचाभर जमतो. बर्फात भरपूर मीठ घालून टब उणे पंधरापर्यंत नेला तर नुकसान पाचव्या हिश्शावर येतं.

जे जमतं त्यात एन जास्त आणि जे पळतं त्यात आयसो जास्त. दोघांच्या बाष्पदाबातला फरक थंडीत आणखी वाढतो, शून्याला तो १.४ पट होतो. त्यामुळे बहुतेक वाफ पळून गेली आणि थोडासाच थेंब मिळाला, तर ७४ चा आयसो त्या थेंबात ६७ दिसू शकतो. इथे आपले सात टक्के सापडले. सकाळी नऊला टबात ताजा बर्फ होता. साडेतीनला पाण्यात चार खडे तरंगत होते. कुणी हात घालून बघितलं नाही.

आम्ही काय बदललं ते सांगते. टबात बर्फ आणि खडेमीठ, तीनास एक, आणि टबात कायम थर्मामीटर. उणे दहाच्या वर गेला की नमुना घ्यायचा नाही. वायल आधीच फ्रीजमध्ये ठेवलेली, सेप्टम प्रत्येक वेळी नवा, सिरिंजसुद्धा थंड. आणि रन उलट्या क्रमानं: सकाळी आठला ३००, मग उतरत जायचं. घसरण खरी असेल तर क्रम उलटा केल्यावरही ती ३०० पाशीच दिसेल. घड्याळाची असेल तर ती दुपारबरोबर दुसऱ्या टोकाला जाईल. मला विचाराल तर एवढी एक उलटापालट बाकी सगळ्या चाचण्यांपेक्षा स्वस्त आणि बोलकी आहे.

ज्यांच्याकडे सोय आहे त्यांनी द्रव धरायच्या भानगडीत पडूच नये. रिॲक्टरपासून जीसीपर्यंतची नळी शंभर अंशांच्या वर गरम ठेवून वाफच थेट आत घ्यावी. आमच्याकडे ती हीटिंग टेप यायची आहे, दोन वर्षं यायची आहे.

हायड्रोजन आणि न जमलेली वाफ खिडकीबाहेर, मोकळ्या हवेत सोडा. पेंटेनची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते आणि ठिणगी लांब असली तरी तिला सापडते. खालच्या बोर्डात एक्स्टेन्शन लावून ठेवलेलं दिसलं की माझा आवाज चढतो, त्याचं कारण हे.

याच उन्हाळ्याचा भाऊबंद म्हणजे पंपाची तक्रार. "पंप चालू आहे पण फीड जात नाही." एन-पेंटेन आमच्या उंचीवर ३४ ला उकळतो. खोली ३९ असेल तर सक्शनच्या नळीत वाफ धरते आणि पंप नुसता वाफ चोपत बसतो. मग कॅटॅलिस्टला कमी पेंटेन मिळतो, संपर्काचा वेळ वाढतो आणि ग्राफवर एखादा आकडा अचानक सुधारलेला दिसतो. फीडची बाटलीही बर्फात ठेवा. नोव्हेंबर ते जानेवारीत, निफाडकडे द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात त्या दिवसांत, यातली एकही तक्रार येत नाही. रिॲक्टर तोच, कॅटॅलिस्ट तोच.

टब आणि वायल ठीक असूनही आयसो रेषेच्या बराच खाली राहिला, तर मग क्रॅकिंगकडे बघा. तापमान चढलं की कॅटॅलिस्ट साखळ्या वाकवण्याऐवजी तोडायला लागतो. मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन. जीसीवर पेंटेनच्या आधी बारीक शिखरं उगवतात. द्रवाच्या नमुन्यात ती फारशी दिसणारही नाहीत, कारण हे वायू टबात थांबत नाहीत. बाहेर जाणाऱ्या वायूचा नमुना घ्यावा लागतो. आणखी एक खूण आहे. आयसोमरायझेशनची, म्हणजे एनचा आयसो होण्याची, उष्णता इतकी थोडी, की कॅटॅलिस्टचा थर तिच्यानं फारसा तापत नाही. साखळी तुटून हायड्रोजन जोडला जातो तेव्हा मात्र तिच्या पाचसहा पट उष्णता सुटते. थराच्या आतला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) भट्टीच्या सेटिंगच्या वर चढताना दिसला, तर आत तोडफोड चालू आहे. अर्थात थर्मोकपल थराच्या आत असेल तर. एका बॅचचा तो भट्टीच्या भिंतीला टेकलेला होता आणि सबंध सत्र ते भिंतीचं तापमान समतोलाला लावत होते.

इथेच भागाकाराचं बघून घ्या. आयसो भागिले आयसो अधिक एन, हे गुणोत्तर समतोलाच्या रेषेशी ताडून बघायचं. आयसो भागिले आत घातलेला सगळा पेंटेन, हे उत्पन्न. क्रॅकिंग वाढलं की उत्पन्न कोसळतं, गुणोत्तर त्या मानानं टिकतं. दोन वेगळ्या रन्सना दोन वेगळे भागाकार लावलेली वही मी पाहिली आहे. एकाच ग्राफवर.

कॅटॅलिस्ट मेला का, हा प्रश्न शेवटी विचारायचा आणि त्याचं उत्तर सगळ्यांत सोपं. सगळे रन झाले की आधी घेतलेल्या, चढणीवरच्या एका तापमानावर परत या. २४० ला आधी ६३ होते, आता पुन्हा ६३ च्या जवळ आले तर तो जिवंत आहे. ४५ आले तर त्यावर कोक, म्हणजे कार्बनचा थर, धरलाय.

आता कागदावरच्या चुका. चुकलेला आकडा बघूनच ओळखू येतात, म्हणून लक्षणं सांगते. व्हान्ट हॉफच्या समीकरणात २५ अंशांचा के १३ घालून २५० चा काढायचा आहे. उत्तर ३.३ यायला हवं. तुमचं उत्तर पुन्हा १३ च आलं, काही हललंच नाही, तर ८ किलोज्यूलचे ८००० ज्यूल करायचे राहिलेत आणि वायू स्थिरांक आर मात्र ८.३१४ घेतलाय. उत्तर दशांशचिन्हानंतर तेरा शून्यं घेऊन आलं, तर तापमान केल्विनऐवजी सेल्सिअसमध्ये घातलंय. के तापमानाबरोबर वाढत गेला, तर वजाचं चिन्ह कुठेतरी सांडलंय. ही तीन लक्षणं माहीत असली की वही न तपासताही चूक सांगता येते, आणि पोरांना वाटतं मॅडमना जादू येते.

एक चूक हुशार मुलं करतात. ती पेंटेनचे तिन्ही समघटक हिशेबात घेतात, निओपेंटेनसुद्धा. कमी तापमानाला निओपेंटेन कागदावर बराच जास्त येतो आणि आयसोची रेषा खाली ढकलतो. मग प्रयोगात आयसो "समतोलापेक्षा जास्त" मिळाल्यासारखं वाटतं आणि धावत माझ्याकडे येतात. पण असल्या आम्लधर्मी कॅटॅलिस्टवर निओपेंटेन व्हायचा रस्ता फार अवघड आहे, तो जवळपास होतच नाही. जो समघटक तयारच होत नाही त्याला छताच्या हिशेबात धरायचं नाही.

ब्युटेनचं उदाहरण सोडवणाऱ्यांची अडचण वेगळी. पाठ्यपुस्तकातल्या गणितात २५ अंशांना के २.५ दिलेला सापडतो, आणि एन्थाल्पी-एन्ट्रॉपीच्या तक्त्यांवरून काढला तर साडेचारच्या पुढे येतो. दोन्हींची सरमिसळ करू नका. गणितात दिलेला घ्या, प्रयोगाला तक्त्यावरचा.

कारखान्यात या सगळ्याचं काय करतात, असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. एन-पेंटेनचा ऑक्टेन ६२ आणि आयसोचा ९२, म्हणून हा खटाटोप. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा देशभर लागू झालं, तेव्हा साध्या पेट्रोललाही किमान ९१ ऑक्टेन लागत होता आणि बेंझीन एक टक्क्याच्या आत ठेवावं लागत होतं. तेव्हा ऑक्टेन वाढवायचा हा बेंझीनशिवायचा मार्ग रिफायनऱ्यांना सोयीचा पडतो. मुंबईच्या रिफायनरीतलं पेट्रोल पाइपलाइननं आपल्या जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडीला येतं, तेव्हा आपल्या टाकीतल्या थेंबाशी या समतोलाचा संबंध अगदीच लांबचा नाही.

तिथली ओढाताण आमच्यासारखीच. छत उंच हवं तर तापमान कमी हवं, आणि कमी तापमानाला वेग हवा तर कॅटॅलिस्ट तिखट हवा. क्लोरीन धरलेल्या ॲल्युमिनावरचं प्लॅटिनम १२० ते १८० अंशांत काम करतं, म्हणजे छत चौऱ्याऐंशीच्या आसपास. पण त्याला पाण्याचा अंश चालत नाही, फीड कोरडं करूनच द्यावं लागतं. झिओलाइट सोशीक, पण त्याला अडीचशेच्या पुढे जावं लागतं आणि छत ७७ वर येतं. मग उरलेला एन-पेंटेन वेगळा काढून पुन्हा फिरवतात. पाच अँगस्ट्रॉमच्या आण्विक चाळणीत सरळ साखळी शिरते, फांदीवाली शिरत नाही. समतोल हलत नसेल तर एक बाजू उचलून न्यायची, असा तो मार्ग. आमच्या लॅबला हे जमणारं नाही. आम्हाला ७५ दिसले की पुरे.

यंदाच्या जोडीनं क्रम उलटा करून, मीठबर्फात, तीन दिवस पुन्हा रन घेतले. ३०० ला ७३, २८० ला ७४, २६० ला ७५, पुढे खाली आधीसारखंच ६३ आणि ४१. आयसोची बाटली उशिरा आली, म्हणून उलट बाजूची चाचणी एकाच तापमानाला झाली: २८० ला वरून ७६. वरून ७६ आणि खालून ७४, मध्ये कागदावरचा ७५. ग्राफवर आता डोंगर नाही, चढण आणि पुढे जवळजवळ सपाट पठार आहे. त्यातल्या एकाला ते आवडलं नाही. डोंगर छान दिसत होता, म्हणाला.